आज किती?

आमची गाडी आठवड्यातले पाच दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असते. गेल्या महिन्यात पहाटे आईला स्वारगेटला सोडायचं होतं, चावी फिरवली तर नुसतं टकटकटक. शेवटी रिक्षा. वर आईचा टोमणा: "स्कूटर होती तेव्हा किक तरी मारता यायची."

त्यानंतर गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट मोजायला मल्टिमीटर आणला. नॉब डीसी २० वर, लाल पिन प्लसला, काळी मायनसला. फेरी मारून आल्या आल्या मोजलं तर १२.९ दिसलं आणि मी उगाच खूश झाले. तो वरवरचा चार्ज. खरा आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर कळतो. सकाळी १२.२! साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद काही येत नाही.

इंजिन चालू असताना १४.२ आलं, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर निर्दोष. मग चोर कोण? डॅशकॅम! मीच हौसेने फ्यूजबॉक्समधून जोडून घेतलेला. पार्किंग मोडवर रात्रभर समोरचा रिकामा जिना चित्रित करत बसायचा.

त्याचं कनेक्शन काढलं, बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घेतली. आता दर रविवारी बोनेट उघडते तेव्हा वॉचमनकाका लांबूनच विचारतात, "ताई, आज किती?"

काल १२.६ होतं.