आईच्या फाईलमधली नर्सिंगची पानं

आईचा बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, पहिल्यांदा पाहिली ती शेजारच्या सिस्टरमावशींनी. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, इंदूरला रामबागेत आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला घरी आणलं त्याच संध्याकाळी त्या बघायला आल्या. चादर बदलायला म्हणून आईला कुशीवर वळवलं आणि बोलता बोलता गप्प झाल्या. माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा, वरची कातडी गेलेली. "ही आजची नाही गं," म्हणाल्या. मग पायमोजा काढून टाच बघितली. ती जांभळट.

डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नव्हतं. ऑपरेशन काय केलं, आत कोणती पट्टी बसवली, गोळ्या कधी घ्यायच्या आणि शेवटी 'प्रकृती स्थिर'. सकाळी हॉस्पिटलला फोन केला तर उत्तर आलं, "घर पे हुआ होगा, मैडम." एका रात्रीत! हे वाक्य कानावर पडलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं, कारण मी कागदांच्या मागे लागणारी बाई नव्हे. अ‍ॅडमिशन, ऑपरेशन, विम्याची मंजुरी, सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. ऑपरेशनही उत्तम झालं होतं.

मावशी म्हणाल्या, "नर्सिंगचे कागद माग. डॉक्टर दिवसातून एकदा येतो, रात्रंदिवस पेशंटजवळ सिस्टर असते. काय झालं ते तिच्या कागदात."

रेकॉर्डची खिडकी तळघरात. वेळ अकरा ते एक. पहिल्या दिवशी सांगितलं, अर्ज आणा. दुसऱ्या दिवशी अर्ज नेला तर पेशंटचं संमतीपत्र हवं, कारण पेशंट हयात आहे. बरोबरच आहे, पण हे आदल्या दिवशी सांगता आलं असतं. आईची सही थरथरत घेतली, आधार कार्डाची झेरॉक्स जोडली, माझं नातं सिद्ध करायला माझंही आधार. तिसऱ्या दिवशी फाईल विम्याच्या टेबलावर. चौथ्या दिवशी डॉक्टरांची एक सही बाकी.

पाचव्या दिवशी खिडकीतल्या गृहस्थांनी माझं आडनाव वाचून वर पाहिलं. "तुम्ही मराठी का काकू? आम्ही नारायण बागेतले." मला वाटलं, सुटले. चहाची चौकशी झाली, गणपतीत कुठे भेटलो असू ते निघालं. आणि मग ते म्हणाले, "उद्या या." चार दिवस हिंदीत ऐकलं होतं, आता मराठीत ऐकलं, एवढाच फरक.

सहाव्या दिवशी हातात पाकीट मिळालं. आत डिस्चार्ज कार्डाची प्रत, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट. हे सगळं माझ्याकडे होतंच! नर्सेस नोट्स कुठे विचारलं तर म्हणे, ते हॉस्पिटलचे अंतर्गत कागद, पेशंटला देत नाहीत. मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. खरं सांगते, रागापेक्षा लाज वाटत होती. आईला अकरा दिवस आम्ही पाळीपाळीने सोबत केली होती आणि तिची पाठ एकदाही उघडून पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मावशींच्या मुलाने सांगितलं की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने कागद मागितले की मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. माझ्या अर्जाची पोच कुठे होती? पाच दिवस मी तोंडी बोलत होते आणि अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून हे आधी करा: अर्जाच्या दोन प्रती, तळघरात नाही तर वर आवक विभागात, मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावाने, आणि आपल्या प्रतीवर तारीख-वेळेचा शिक्का. 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. मी मावशींकडून नावं लिहून घेतली: नर्सेस नोट्स, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट (पोटात गेलेलं पाणी आणि झालेली लघवी) चार्ट, औषधांचा चार्ट, कूस बदलल्याचा चार्ट, ब्रेडन स्कोअर.

शिक्क्यानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला. पानामागे पैसे घेतले, ते दिले.

ब्रेडन स्कोअर म्हणजे बेडसोर होण्याचा धोका मोजायची पद्धत. संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण, अशा सहा गोष्टींचे मिळून ६ ते २३ गुण. कमी गुण म्हणजे जास्त धोका, १८ किंवा खाली आलं की जपायचं. आईचे पहिल्या दिवशी १३ लिहिलेले. म्हणजे माहीत होतं.

कूस बदलल्याचा चार्ट मात्र सुंदर होता. दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी १० वाजता 'डावी कूस' आणि १२ वाजता 'पाठ'. त्या वेळी आई ऑपरेशन टेबलावर होती, मी बाहेर बसले होते.

आणि मग चौथ्या रात्रीचं पान. वेगळं, घाईतलं अक्षर, पहाटे २.४०: माकडहाडावर लाली, दाबल्यावर जात नाही, ड्यूटी डॉक्टरांना कळवलं, एअर बेड (हवेची गादी) हवा. खाली सही. बिल काढून पाहिलं, एअर बेडचं भाडं आठव्या दिवसापासून लागलं होतं.

सही करणाऱ्या त्या सिस्टर मुलीने बेडसोरची सुरुवात ओळखली होती, लिहिलंही होतं. मधले चार दिवस ते पान कुणी वाचलं नाही. मावशी सिस्टरांना दोष देऊ देत नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक. आमच्या वॉर्डात रात्री अठ्ठावीस खाटांना दोघी असायच्या, हे मी स्वतः मोजलेलं. तरी त्या डावी-उजवीच्या खोट्या रकान्याचा माझा राग गेलेला नाही.

फोनवर 'घरी झालं' म्हणणाऱ्यांना त्या पानाची प्रत पत्रासोबत पाठवली. उत्तर दोन ओळींचं, 'नोंद घेतली आहे'.

जखम मावशींनी दीड महिन्यात भरून आणली. सलाईनने धुणं, फोमचं ड्रेसिंग, दोन्ही वेळा वरण आणि पनीर, आणि घड्याळ लावून कूस बदलणं. खुब्याचं ऑपरेशन असेल तर वळवताना दोन्ही पायांमध्ये उशी हवी. टाच टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी. वर सरकवताना ओढायचं नाही, आडव्या चादरीने दोघांनी उचलायचं. भोकाची रबरी रिंग मी हौसेने आणली होती, ती त्यांनी परत करायला लावली, कडेने रक्त अडतं म्हणून. लाल जागा चोळायचीही नाही. हॉस्पिटलात असतानाच रोज पाठ बघा, बोट दाबून लाली जाते का ते पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतंय का बघावं.

आणि हो, खिडकीवरून हलण्याआधी पानं मोजा. मला ६४ पानांचे पैसे लागले आणि ६३ मिळाली. ३१ व्या पानासाठी तळघरात पुन्हा एक चक्कर झाली, अर्थात अकरा ते एक.