टाचणाबाहेरचा तास

सोमवारी पाचवीच्या वर्गासाठी माझ्या टाचण वहीत दशांश अपूर्णांक होते, सोबत रंगीत पट्ट्या होत्या आणि चाळीस मिनिटांची नीट आखणी होती. फळ्यावर मी ३.५० लिहून वाचायला सांगितले, तेव्हा मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "तीन किलो पन्नास ग्रॅम." मी दुरुस्ती करणारच होतो, पण किलोचे नाव मी काढलेच नव्हते, ते तिने कुठून आणले हे विचारावेसे वाटले. मग कळले की रविवारी तिच्या आईने वेचलेला कापूस काट्यावर बावीस पॉइंट पन्नास भरला होता, मुकादमाने वहीत साडेबावीस लिहिले होते आणि तो चुकला असे समजून ही पोरगी गप्प राहिली होती. "मायले बी नाही सांगतलं सर, पैसे जास्त भेटले ना!"

पट्ट्या कपाटातच राहिल्या. वेचाई किलोला दहा रुपये, म्हणजे २२५ की २२० रुपये ५० पैसे, यावर वर्ग पेटला. मी उत्तर न देता सगळ्यांना खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे नेले. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ मोजायचा असतो. त्या दिवशी शाळेत ४३ मुले हजर होती आणि मावशींनी काट्यावर ४.३० आणले होते. ते चार किलो तीस ग्रॅम असते, तर जवळजवळ तीन मुलांचा तांदूळ कमी पडला असता. मावशींनी रिकाम्या काट्यावर मूठभर तांदूळ टाकून, थोडा काढून ०.०५ आणून दाखवले, तेव्हा ती मुलगी पॉइंटच्या शेजारच्या शून्याकडे बराच वेळ पाहत राहिली. पन्नास ग्रॅम तिथे होते.

या तासाला कोणी हजरजबाबीपणा म्हटले, तर मला ते पटणार नाही. आमच्या विदर्भात पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवून एकमेकांना ऐकवायची कवने, रंगतात. पाठ केलेल्या झडत्यांचा साठा जुन्या माणसांकडे भरपूर असतो, पण टाळी मिळते ती समोरच्याच्या झडतीला तिथल्या तिथे जोडलेल्या उत्तराला, आणि त्यासाठी त्याची झडती संपेपर्यंत कान देऊन उभे राहावे लागते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबाही कीर्तनात वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत आणि गर्दीतून आलेल्या उत्तराला धरून पुढे जात. अभंग त्यांना मुखोद्गत होते, म्हणूनच लोकांच्या उत्तराकडे लक्ष द्यायला ते मोकळे असत, असे मला वाटते. टाचण मी आजही काढतो, ते याच कारणासाठी.

हे मला नेहमी जमले आहे, असे मात्र नाही. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांवर बोलताना मी चांगलाच रंगात आलो होतो. एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, आमचा जोडा इकला." मला लगेच एक यमक सुचले, मी त्याच्या वाक्याचीच झडती करून टाकली आणि सारा वर्ग खो-खो हसला. मुलगा हसला नाही. पोळ्यानंतर शाळा भरली तरी तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा रिकाम्या गोठ्यात सायकल उभी होती आणि त्याच्या वडिलांनी मला चहा दिला. सुचले ते झटकन आणि यमकही पक्के होते. फक्त मी त्याचे ऐकले नव्हते.

टाचण वहीत सोमवारच्या रकान्यात मी खरे तेच लिहिले: "साहित्य: तांदूळ, काटा." केंद्रप्रमुख काय म्हणतील ते म्हणोत.

सुटी झाल्यावर ती मुलगी दारात घुटमळली. "सर, मागच्या हप्त्यात काट्यावर एकोणीस पॉइंट पंच्याहत्तर आलं होतं. मंग मुकादमानं किती लिहाले पाह्यजे होतं?" मी तिलाच विचारले. ती बोटांवर काहीतरी मोजत घरी गेली, आणि मंगळवारी माझ्या टेबलावर तिच्या आईची वेचाईची वही होती.