आमरसाचे हात आणि ३१२

मे महिन्यातली गोष्ट. नातवंडं येणार म्हणून आई दुपारभर आमरसाला आंबे पिळत बसली होती. संध्याकाळी जेवणाआधी नेहमीसारखं रक्तातली साखर मोजायचं मशीन काढलं, हात फडक्याला पुसले, बोटाला टोचलं. ३१२.

"अगं, मी एक फोडसुद्धा तोंडात घातली नाही!" तिचा चेहरा एवढासा झाला. रात्रीची गोळी दीड घेते म्हणाली. मी तिला अडवलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करून दुसऱ्या बोटाला टोचलं. १४८.

पट्टीला लागणारा थेंब मोहरीएवढासुद्धा नसतो. त्यात कातडीवरचा रस मिसळला की मशीन आंब्याची साखरही मोजतं. स्पिरिटच्या बोळ्यानेही ती नीट निघत नाही. पाणीच हवं.

त्या दिवसापासून मी तिच्या वहीतले आकडे वेगळ्या नजरेने पाहते. लागोपाठ दोनदा टोचलं तर १३८ आणि १५१ येतात, तेव्हा आई म्हणते मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साखर १००च्या पुढे असली तर शंभरातल्या ९५ वेळा मशीनचा आकडा लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडच्या आत असला की मशीन ठीक. म्हणजे लॅबमध्ये १४० असेल, तर घरी १२० काय नि १६० काय, दोन्ही बसतात. १३८चं १५१ झालं म्हणून भात बंद करायचा नसतो, हे तिला पटवायला मला फार वेळ लागला.

लॅबशी ताडून पाहायचं तर उपाशीपोटी, आणि त्याच वेळी. जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवतं. उलट नमुना तसाच पडून राहिला तर नळीतल्या पेशी साखर खात राहतात आणि आकडा उतरतो. म्हणून साखरेसाठी, हे खाणं रोखणारी, राखाडी झाकणाची वेगळी नळी असते.

आमच्या पावसाळ्यात तर पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावावंच लागतं, दमटपणाने पट्ट्या खराब होतात. आणि थेंब येत नाही म्हणून बोट दाबदाबून पिळू नका. हात खाली सोडून थोडं थांबा.

मात्र घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि मशीन ६५ दाखवत असेल, तर असला हिशेब करत बसू नका. आधी साखरपाणी द्या.

गोळीचं प्रमाण आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलत नाही. वहीत तो ३१२ अजून आहे. आईने त्यावर एक रेघ मारलीय आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "आंबा".