सफ्रानबोलूतले जेवण आणि हमाम

तुर्कस्तानातल्या सफ्रानबोलू या गावात आजचा दिवस थोडक्या खर्चात आणि अतिशय आनंदात गेला. १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या या गावात पर्यटकांसाठी सजवलेली उपाहारगृहे पुष्कळ आहेत. परंतु पैसे जपून वापरणाऱ्यांनी स्थानिक दुकानदार आणि कारागीर दुपारी जेवतात त्या साध्या ‘लोकांता’त, म्हणजे खाणावळीत, जावे, कारण तिथे शिजवलेले पदार्थ समोरच मांडलेले असतात, बोट दाखवून मागता येतात आणि पाव बहुधा जेवणाबरोबरच मिळतो. मसुराचे सूप, भात आणि आयरान, म्हणजे आपले खारे ताकच, एवढ्यात माझे पोट भरले. शाकाहारी व्यक्तीने मात्र सूप मांसाच्या रश्श्यात केले आहे का, हे आधी विचारावे.

दुपारनंतर सतराव्या शतकातल्या जिंजी हमाम या सार्वजनिक स्नानगृहाच्या स्त्रियांच्या विभागात गेले. घुमटातल्या छिद्रांतून येणाऱ्या उजेडात तापलेल्या संगमरवरी ओट्यावर पडून राहावे, अंग पुरेसे सैलावले की सेविका खरखरीत हातमोज्याने सर्वांग घासते, आणि मग साबणाच्या फेसाने न्हाऊ घालते. लहानपणी दिवाळीच्या पहाटे आजी उटणे लावून न्हाऊ घालायची, तसाच निःसंकोच मायेचा तो स्पर्श वाटला. घासणे आणि मालिश यांचे दर सहसा वेगळे असल्याने ते आत जाण्यापूर्वीच ठरवावेत. मालिश टाळले तरी चालेल. घासून घेणे मात्र, माझ्या मते, मुळीच टाळू नये.