तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिस वाइल्डरच का?

कोल्हापूरचा माणूस इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मँचेस्टर, लिव्हरपूल सोडून शेफिल्ड युनायटेडच्या मागे का, आणि मॅनेजर क्रिस वाइल्डरचं नाव निघालं की त्याला एवढं भरून का येतं, हे पेठेतल्या पोरांपासून माझ्या साडूपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. धरायचीच तर ब्लॅकबर्नची टीम धर, ती तरी २०१० पासून पुण्याच्या वेंकीजची आहे, असाही सल्ला मिळतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी बॅक खेळायचो, म्हणजे बचावात. शाहू स्टेडियममध्ये गोल मारणाऱ्याला पब्लिक खांद्यावर घेतं. बॅकचं नाव घेतलं जातं ते तो चुकला की. आम्हाला ताकीद एकच होती, हाफ लाइन ओलांडायची नाही. खेळलो तेवढी वर्षं मी ती पाळली.

वाइल्डरही बॅकच, राइट बॅक. १९६७ चा जन्म, शेफिल्डजवळच्या स्टॉक्सब्रिज या पोलादाच्या गावातला, लहानपणापासून युनायटेडचा. १९८६ ते १९९२ तो त्याच क्लबकडून खेळला. मग रॉदरहॅम, नॉट्स काउंटी, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स असा फिरत राहिला. मोठा खेळाडू तो कधीच नव्हता. मॅनेजर म्हणून सुरुवात केली तीही २००१ मध्ये आल्फ्रेटन टाउनला, म्हणजे ज्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत, त्यांच्याही बऱ्याच खाली. पुढे सहा वर्षं हॅलिफॅक्स, आणि २००८ मध्ये तो क्लब कर्जापायी चक्क बंदच पडला. मॅनेजरची नोकरी जाणं रोजचंच आहे. इथे पायाखालचा क्लबच गेला. त्यानंतर ऑक्सफर्ड युनायटेडला त्याने २०१० मध्ये वेम्बलीवर यॉर्कला ३-१ हरवून त्या ९२ क्लबांत परत आणलं.

पण माझ्या मनात तो बसला नॉर्दम्प्टनमुळे. जानेवारी २०१४ मध्ये तो तिथे गेला तेव्हा टीम ९२ पैकी तळाला होती. शेवटच्या दिवशी ती वाचली, तीही त्याच्याच जुन्या ऑक्सफर्डला हरवून. पुढच्याच्या पुढच्या हंगामात खरं संकट आलं. नगर परिषदेने स्टेडियमसाठी दिलेलं एक कोटी पौंडांहून मोठं कर्ज, त्यातून बांधायचा स्टँड अर्धवट उभा, करखातं दारात आणि पगार थकलेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉट्स काउंटीला हरवल्यावर पत्रकार मॅचबद्दल विचारायला बसले होते. वाइल्डर बोलला ते पगार न मिळालेल्या माणसांबद्दल. क्लब विका, हे थांबवा, असं त्याने मालकांना सगळ्यांसमोर सुनावलं. थोड्याच दिवसांत क्लबचे मालक बदलले, आणि ती टीम ९९ गुण घेऊन विभागात पहिली आली. जिंकून आलेला माणूस आधी कारकुनांच्या पगाराचं बोलतो, याला मोठं काळीज लागतं.

२०१६ मध्ये तो घरी आला. शेफिल्ड युनायटेड तेव्हा तिसऱ्या विभागात अडकलेली. पहिल्या चार सामन्यांत एक गुण, तळाला. तोच हंगाम १०० गुणांवर संपला.

आणि मग ते, ज्याच्यासाठी मी रात्री जागतो. युनायटेडच्या ब्रॅमल लेन मैदानावर येणाऱ्या टीम्स एकच फॉरवर्ड वर ठेवून बाकी सगळे मागे लावायच्या. त्या एकाला सांभाळायला युनायटेडचे तीन स्टॉपर, म्हणजे मधले बॅक! वाइल्डर आणि त्याचा सहकारी ॲलन निल, तोही जुना डिफेंडर, यांनी कडेच्या दोघांना पुढे सोडलं. डावीकडून जॅक ओ'कॉनेल, उजवीकडून क्रिस बॅशम. ओ'कॉनेल चांगला सव्वासहा फुटी, हेड मारायला घ्यावा असा गडी. तो आपल्याच विंगबॅकला, म्हणजे कडेने वरखाली पळणाऱ्या एंडा स्टीव्हन्सला, बाहेरून ओलांडून टचलाइनने थेट कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पळायचा. समोरच्या विंगरला कळायचंच नाही, याच्या मागे जायचं की स्टीव्हन्सला धरायचं. तेवढ्यात क्रॉस आलेला असायचा. आणि मागची जागा उघडी पडायची नाही, कारण एखादा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला गडी, आधीच खाली सरकलेला असायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टीव्हीसमोर उभाच राहिलो. स्टॉपर, आणि क्रॉस टाकतोय!

या खेळावर ते २०१९ मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढले आणि पहिल्याच वर्षी नववे आले. चेल्सीच्या मैदानावर २-० मागे पडूनही २-२ केलं.

पुढच्या हंगामात दोनच लीग सामन्यांनंतर ओ'कॉनेलचा गुडघा गेला. तो पुन्हा उभा राहिलाच नाही, शेवटी खेळणंच सोडलं. डावी बाजू सुनी पडली. पहिल्या १७ सामन्यांत एकही विजय नाही, आणि मार्च २०२१ मध्ये वाइल्डर गेला. एका गुडघ्यावर सगळं ढकलणं बरोबर नाही, पण मी ते सामने पाहिलेत, ती जागा मला दिसायची. डिसेंबर २०२३ मध्ये तो परतला. जून २०२५ मध्ये, वर चढण्यासाठीच्या प्ले-ऑफची फायनल हरल्यावर, क्लबने त्याला काढलं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बोलावून घेतलं.

रविवारी सकाळी मी पोरांना शिकवतो. आमचा डावा बॅक हाफ लाइनपाशी आला की अजून माझ्याकडे बघतो. मी आधी हाफला हाक मारतो, "तू थांब रे मागं," आणि मग त्याला हात करतो.