टॅबलेटवरील वाचनव्यवस्था, नोंद चौथी : आपण केलेल्या खुणा राहतात कुठे?

मागील नोंद लिहिली तेव्हा माझ्या टॅबलेटवर कागदपत्रे वाचण्याची आणि हाताळण्याची सात ॲप होती. आज तीन उरली आहेत, आणि सुमारे 1,400 फायलींपैकी 900 फायली नव्या मांडणीत नीट बसल्या आहेत. वाचन, खुणा-टिपा आणि साठवण ही तिन्ही कामे एकाच ॲपने करावीत हा आग्रह मी या महिन्यात सोडून दिला. तिन्ही कामांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि प्रत्येक कामाचे ॲप बदलण्याची मोकळीक राहिली तरच आपला संग्रह खऱ्या अर्थाने आपला राहतो, असे आता माझे मत झाले आहे.

हे मत कशावरून झाले ते आधी सांगते. एका वाचन-ॲपमध्ये मी दोन वर्षे नेमाने वाचत होते, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करत होते, समासात टिपा लिहीत होते. टॅबलेट बिघडला, तो मुळापासून पुसून पुन्हा सुरू करावा लागला. सगळ्या फायली बॅकअपमध्ये सुरक्षित होत्या, म्हणून मी निश्चिंत होते. परंतु फायली परत आणून उघडल्या तेव्हा एकाही पानावर एकही खूण नव्हती. ते ॲप खुणा पीडीएफमध्ये न लिहिता स्वतःच्या खाजगी साठ्यात ठेवत असे, आणि तो साठा ॲपबरोबरच पुसला गेला होता. कागद वाचला होता, त्यावर केलेला विचार गेला होता. त्यामुळे या वेळी कोणत्याही ॲपला पहिला प्रश्न मी हाच विचारला, की मी केलेली खूण तू नेमकी कुठे ठेवतोस?

याचे उत्तर जाहिरातीतून किंवा सेटिंगच्या पानांवरून क्वचितच मिळते, म्हणून मी एक चाचणी ठरवली. एका साध्या पीडीएफच्या पहिल्या पानावर पाच खुणा करायच्या: एक ओळ रंगवायची, एक अधोरेखित करायची, एक चिकटटीप लावायची, स्टायलसने हाताने एक शब्द लिहायचा आणि एका चौकटीत टंकलेला मजकूर ठेवायचा. नंतर ती फाईल ॲपबाहेर काढून संगणकावरच्या पूर्णपणे वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. पाचही खुणा दिसल्या पाहिजेत, त्यांतील प्रत्येक निवडता आली पाहिजे आणि पुसताही आली पाहिजे. केवळ दिसणे पुरेसे नाही, कारण काही ॲप निर्यात करताना खुणा पानाच्या चित्रात कायमच्या मिसळून टाकतात. मग टीप दिसते, पण तिच्यात दुरुस्ती करता येत नाही.

झोडो आणि ॲक्रोबॅट रीडर या चाचणीत उत्तम उतरले, कारण दोन्ही ॲप पीडीएफच्या प्रमाणित पद्धतीने खुणा फाईलमध्येच लिहितात. केओरीडर हे मुक्त स्रोताचे ॲप मूळ फाईलला हात न लावता तिच्या शेजारी ‘एसडीआर’ शेपटाचा एक फोल्डर तयार करून खुणा त्यात ठेवते. फाईल हलवताना हा फोल्डर मागे राहिला तर खुणाही मागे राहतात, मात्र पीडीएफमधील रंगवलेल्या ओळी फाईलमध्येच लिहाव्यात अशी सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे आणि मी ती चालू केली आहे. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या ॲपची तऱ्हा तिसरी: तिथे खुणा त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात आणि त्या टॅबलेट व संगणक यांच्यात सिंक होतात, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारख्या राहतात; खुणांसह पीडीएफ हवी असल्यास ती निर्यात करून घ्यावी लागते. यात लपवाछपवी काही नाही, आणि संदर्भसूची सांभाळणाऱ्यांना ती रचना सोयीचीही आहे, परंतु माझा निकष त्यात बसत नाही. वहीसारख्या लेखन-ॲपांत पीडीएफ आत घेतली की तिची वही होते. स्टायलसने लिहिण्याचा आनंद तिथे सर्वांत चांगला आहे, म्हणून कच्च्या टिपणांसाठी त्यांतले एक ठेवले आहे.

हस्तलेखनाबाबत एक बारकावा नोंदवून ठेवते. पीडीएफच्या मानकात हाताने काढलेली रेघ म्हणजे बिंदूंची मालिका आणि रेघेची एक जाडी. स्टायलस किती दाबला होता याला तिथे जागाच नाही. कमीजास्त जाडीची सुबक अक्षरे दुसऱ्या ॲपमध्ये दिसतात, कारण त्यांचे तयार रूप खुणेबरोबर साठवलेले असते; पण त्या ॲपने ती खूण नव्याने रेखाटली की सगळी रेघ एकाच जाडीची होऊ शकते. माझ्या ‘महत्त्वाचे’ या शब्दाचे काना, मात्रा, जोडाक्षर असे सगळे एका जाड तारेने वळवल्यासारखे झाले तेव्हा याचे कारण शोधावे लागले. वाचता येते, म्हणून मी ते चालवून घेतले.

संपादनाच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट आहे. अनेक ॲप बदल साठवताना मूळ फाईल पुन्हा न लिहिता बदल तिच्या शेवटी जोडत जातात. त्यामुळे मोठी फाईलही झटकन साठवली जाते, परंतु पुसलेला भाग फाईलच्या पोटात शिल्लक राहू शकतो. कुणाला कागद पाठवताना एखादा क्रमांक झाकायचा म्हणून आपण त्यावर काळा आयत काढतो, तेव्हा तो आयत ही केवळ वर ठेवलेली आणखी एक खूण असते. खालची अक्षरे निवडून दुसरीकडे चिकटवली की क्रमांक जसाच्या तसा हाती येतो. मी स्वतःच्या चाचणी-फाईलवर हे करून पाहिले आणि त्यानंतर जुने पाठवलेले कागद आठवून अस्वस्थ झाले. मजकूर खरोखर काढून टाकणारी वेगळी सोय असलेलेच ॲप या कामाला वापरावे, आणि पाठवण्यापूर्वी निवडून-चिकटवून एकदा खात्री करावी.

वाचनाच्या सोयीकडे वळते. ए4 पान 210 × 297 मिलिमीटरचे असते. 4:3 प्रमाणाच्या 11 इंची पडद्याची उंची सुमारे 223 आणि रुंदी सुमारे 168 मिलिमीटर भरते, म्हणजे पूर्ण पान दाखवायचे तर ते मूळ आकाराच्या सुमारे 75 टक्क्यांवर आणावे लागते आणि 10 पॉइंटचा मजकूर साडेसात पॉइंटचा होतो. पानाला चारही बाजूंनी 25 मिलिमीटरचा समास असेल आणि तो ॲपने कापला, तर हेच प्रमाण सुमारे 90 टक्क्यांपर्यंत जाते. संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांना हा फरक स्पष्ट जाणवतो. म्हणून वाचन-ॲप निवडताना समास आपोआप कापण्याची सोय मी सर्वांत वर ठेवली, आणि ती सम-विषम पानांना वेगळी लागू करता येते की नाही हेही पाहिले, कारण स्कॅन केलेल्या पुस्तकात बांधणीकडचा समास आलटून पालटून डावीउजवीकडे जातो. केओरीडर येथे पुढे राहिले. जुन्या स्कॅनांची डीजेव्ह्यू फाईलही ते उघडते, हा आणखी एक फायदा.

या महिन्यातील सर्वाधिक वेळ मात्र मराठी मजकुराच्या शोधात गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी मानते. एका पीडीएफमध्ये ‘विशेष’ हा शब्द पानावर लख्ख दिसत होता, तरी शोध घेतला की एकही निकाल येत नसे. मी तो शब्द निवडून टिपण-ॲपमध्ये चिकटवला, तेव्हा तिथे ‘िवशेष’ असे उमटले. कारण पीडीएफ मुळात पानावर कोणता आकार कुठे छापायचा हे सांगते. त्या आकारांवरून मूळ अक्षरे ओळखण्याची जोडतालिका नीट नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी जशी डोळ्यांना आधी दिसते तशीच आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, ती व्यंजनानंतर यावी लागते. जोडाक्षरांची गत याहून वाईट होते. युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायलींत तर देवनागरीचा पत्ताच नसतो: दिसते मराठी, पण चिकटवल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. यात ॲपचा दोष नाही. मी मात्र आठवडाभर ॲप बदलत राहिले.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असतात, तर दुसरीत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असतात. डोळ्यांना दोन्ही रूपे एकसारखीच दिसतात, परंतु शोध घेणाऱ्या ॲपला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. माझ्या कीबोर्डने पहिली पद्धत टंकली आणि फाईलमध्ये दुसरी होती, म्हणून ‘दुसऱ्या आवृत्तीत’ हे शब्द समोर असूनही सापडत नव्हते. यावर माझा उपाय साधा आहे: अशा वेळी ‘दुस’ एवढेच शोधावे, किंवा त्या फाईलमधूनच शब्द उचलून शोधचौकटीत चिकटवावा. वाचन-ॲप तपासताना ही जोडी मी आता नेहमी वापरते. दोन्ही रूपे एकच मानणारे ॲप मिळाले तर मी ते आनंदाने ठेवीन.

बिघडलेल्या मजकुराच्या फायलींसाठी शेवटी ओसीआरकडे, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या तंत्राकडे, वळले. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीला मराठीचा स्वतंत्र डेटा आहे, आणि 2018 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तिचा पाया न्यूरल जालाचा, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या पद्धतीचा, झाला आहे. हे काम मी टॅबलेटवर न करता संगणकावर ओसीआरमायपीडीएफ हे साधन वापरून करते. ते पानाच्या चित्रामागे शोधता येणाऱ्या मजकुराचा अदृश्य थर घालते. फाईलमध्ये आधीच मजकूर असेल तर ते सहसा काम थांबवते, म्हणून जुन्या फाँटच्या फायलींसाठी त्याला पाने चित्ररूप करून नव्याने वाचण्याची सक्ती करावी लागते. तसे केल्यावर फाईल बरीच जड होऊ शकते, त्यामुळे मूळ प्रत मी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. 300 डीपीआयच्या (दर इंचाला 300 बिंदूंच्या) स्वच्छ स्कॅनवर निकाल चांगला आला. पुसट छपाईत घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होतेच.

स्कॅनच्या दाबणीबाबत, म्हणजे फाईलचा आकार लहान करण्याबाबत, सावध राहावे. ए4 पान 300 डीपीआयला सुमारे 2480 × 3508 बिंदूंचे होते आणि रंगीत स्वरूपात, न दाबता, 26 मेगाबाइटच्या आसपास जाते, म्हणून दाबणी हवीच. परंतु जेबिग2 या पद्धतीच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांच्या जागी एकच आकृती वापरली जाते, आणि 2013 मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की अशा दाबणीमुळे काही कार्यालयीन यंत्रे स्कॅनमधील आकडेच बदलत होती. आकड्यांच्या कागदांना मी हा प्रकार अजिबात लावत नाही.

साठवणीबाबत थोडक्यात लिहिते. फाईलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग विषय, अशी पद्धत ठेवली आहे, त्यामुळे कोणत्याही ॲपमध्ये फायली आपोआप कालक्रमाने लागतात. ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये एकही मूळ प्रत ठेवत नाही, कारण आयपॅडवर ॲप काढले की त्याचा स्थानिक फोल्डर आतील कागदांसह जातो आणि अँड्रॉइडवर ॲपच्या खाजगी जागेचे तेच होते. टॅबलेट व संगणक यांच्यातील फायली सारख्या ठेवायला सिंकथिंग हे ॲप चालते. एकच फाईल दोन्हीकडे बदलली गेली तर ते दुसरी प्रत संघर्षाच्या नावाने बाजूला ठेवते; अशा प्रती महिन्यात तीन वेळा आल्या, आणि तिन्ही वेळा टॅबलेटवर फाईल उघडी ठेवून मी संगणकावर तीच फाईल उघडली होती. सिंक म्हणजे बॅकअप मात्र नाही: एका बाजूला पुसलेली फाईल दुसऱ्या बाजूलाही पुसली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर वेगळी प्रत घेते. कायम जपायचे कागद पीडीएफ/ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ स्वरूपात नेण्याचे काम चालू आहे. 2005 पासूनच्या या मानकात फाँट फाईलमध्येच अंतर्भूत करावे लागतात, आणि देवनागरीसाठी तेवढे एक कारणही मला पुरेसे वाटते.

ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपाचा प्रश्न सुटलेला नाही. पीडीएफप्रमाणे पुस्तकाच्या फाईलमध्येच वाचकाच्या खुणा ठेवण्याची सर्वमान्य रीत ईपबमध्ये रुळलेली नाही, त्यामुळे प्रत्येक ॲप त्या आपापल्या साठ्यात ठेवते आणि माझी पाच खुणांची चाचणी तिथे लागूच पडत नाही. तोवर ज्या ॲपमधून खुणा आणि टिपा साध्या मजकुरात बाहेर काढता येतात त्यातच ईपब वाचायचे असे ठरवले आहे. दर पुस्तक संपले की ती मजकूर-फाईल पुस्तकाशेजारी, पुस्तकाच्याच नावाने ठेवते; आतापर्यंत अशी अकरा पुस्तके झाली आहेत. राहिलेल्या 500 फायलींत जुन्या फाँटच्या बहुतेक फायली आहेत, आणि पुढचा महिना त्यांच्या ओसीआरला द्यावा लागेल असे दिसते.