बोनचे ऑतेल-द्यू : पाचशे वर्षांहून अधिक काळ चाललेले धर्मादाय रुग्णालय

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन हे गाव द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी आम्ही तेथे गेलो ते ऑतेल-द्यू हे जुने रुग्णालय पाहण्यासाठी. जवळच्या दिजाँ शहराहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत बोनला पोहोचता येते आणि स्थानकापासून रुग्णालयापर्यंत सहज चालत जाता येते.

बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर (म्हणजे प्रमुख मंत्री) निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी 1443 साली याची स्थापना केली. दीर्घ युद्धाने आणि लुटारू टोळ्यांनी तो मुलूख तेव्हा पुरता नागवला गेला होता. पहिला रुग्ण 1 जानेवारी 1452 रोजी दाखल झाला आणि 1971 साली उपचार नव्या इमारतीत हलेपर्यंत येथे रुग्णसेवा चालू होती.

बहुतेक प्रवासी अंगणातल्या रंगीत कौलांची छायाचित्रे काढण्यात रमतात. कौले सुंदर आहेतच, पण आजची कौले विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने बसवलेली आहेत. म्हणून आपला वेळ गरिबांच्या दालनासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे 50 मीटर लांबीच्या या दालनात दोन्ही भिंतींना लागून लाल पडद्यांच्या लाकडी खाटा आहेत, आणि त्या काळी एका खाटेवर दोन रुग्ण झोपत. दालनाच्या टोकालाच प्रार्थनामंदिर असल्यामुळे ज्यांना उठवत नसे, त्यांनाही अंथरुणातून प्रार्थनेत सहभागी होता येई. पतीच्या निधनानंतर रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या गिगोनचे दफन याच मंदिरात झाले, हे कळल्यावर तेथून पाऊल लवकर निघत नाही.

पंधराव्या शतकातील चित्रकार रोगिअर व्हॅन डर वेडनने रंगवलेले ‘अंतिम न्याया’चे (ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या शेवटी होणाऱ्या मृतांच्या निवाड्याचे), उघडझाप होणाऱ्या फळ्यांवरचे भव्य चित्र पूर्वी याच मंदिरात होते. एरवी त्याच्या झडपा मिटलेल्या असत आणि रविवारी व सणाच्या दिवशी त्या रुग्णांसाठी उघडल्या जात. आता ते एका मंद प्रकाशाच्या खोलीत ठेवले असून पुढे सरकते मोठे भिंग आहे. त्यातून मृतात्म्यांच्या चेहऱ्यांवरची भीती अगदी स्पष्ट दिसते. ही खोली मार्गाच्या शेवटी येत असल्याने निदान दोन तास हाताशी ठेवावेत. इंग्रजी ध्वनिमार्गदर्शक तिकिटातच मिळतो. औषधशाळेतील बरण्या आणि स्वयंपाकघरातील प्रचंड चूलही पाहावी.

एवढा खर्च चालला कसा, याचे उत्तर भोवतालच्या मळ्यांत आहे. दात्यांनी शतकानुशतके दिलेल्या द्राक्षमळ्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होत आला आहे. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो आणि त्या सुमारास गावात खोली मिळणे कठीण जाते. लिलाव पाहायचा नसल्यास तो आठवडा टाळावा; पाहायचा असल्यास मुक्काम दिजाँमध्ये करून रेल्वेने ये-जा करावी.